हैदराबादचा प्लॉट

जालन्यात, आमच्या मस्तगडच्या घरात दाराच्या मागे एक पांढरी काठी कित्येक वर्षं उभी होती. घडी होणारी, खाली लाल पट्टा असलेली, आंधळ्या माणसांची काठी. आमच्या घरात आंधळं कुणी नाही, त्यामुळे तिचे व्हायचे ते सगळे हाल झाले. नवऱ्याने तिच्यावर छत्री अडकवली, मुलीने ती घेऊन जळमटं काढली, आणि एकदा गच्चीवर माकडं आली तेव्हा शेजारीणबाई ती हक्काने मागून घेऊन गेल्या. मी कुणाला काही म्हटलं नाही. काठी माझ्या धाकट्या भावासाठी आणलेली होती आणि तो तिला स्वतःच्या उंबऱ्याच्या आत घ्यायला तयार नव्हता. तोवर तिने जळमटं काढलेलीच बरी.

"ही घरात आली का माझं संपलं," असं तो म्हणाला होता. "तुझ्याकडंच राहू दे, बाई. लागायची न्हाई मला."

बाई म्हणजे मी. लहानपणापासून तो मला बाईच म्हणतो, आणि मी पुढे शाळेत शिक्षिका झाले तेव्हा त्याने ते श्रेय स्वतःकडे घेतलं.

भाऊ जाफराबादकडे आमच्या गावात शेती करतो. करायचा, असं म्हणायला पाहिजे, पण जीभ वळत नाही. आमच्या भागात बियाण्यांच्या कंपन्या शेतकऱ्यांकडून कपाशीचं संकरित बी तयार करून घेतात. त्याला सगळे प्लॉट म्हणतात. कंपनीने बी द्यायचं, आपण ते लावून वाढवायचं आणि आलेलं बी कंपनीला द्यायचं. ते मग कुठल्या कुठल्या शेतांत जाऊन उगवतं. काम फार नाजूक. दुपारनंतर ओळीत शिरायचं, उद्या उमलणारी कळी हेरायची, नखाने सोलून आतले पुंकेसर काढून टाकायचे आणि खुणेला लाल कागदाचा तुकडा लावायचा. सकाळी दुसऱ्या जातीचं नर फूल आणून त्या सोललेल्या कळीवर घासायचं. सोलायची राहिलेली कळी आपली आपणच फळते आणि ते बोंड बाद. कंपनीचा माणूस ओळीओळीतून फिरत असतो, आणि फार चुका निघाल्या तर उभा प्लॉट मोडायला लावतो. मोडायचा म्हणजे ट्रॅक्टर घालून मातीत मिळवायचा.

या कामात भावाचा हात एवढा चांगला होता की गावातल्या बायाही ते मान्य करायच्या, आणि कुणाचं काही मान्य करणं त्यांच्या स्वभावात नाही. दिवस कलायला लागला की बाकीच्यांची बोटं मंदावायची, याची नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या राखीला भावजय मला चुलीजवळ हळूच म्हणाली, "ताई, ह्ये कळी सोलतेत तवा त्यांचं तोंड वर असतंय, आभाळाकडं. कळीकडं बघतच न्हाईत."

"तुझ्याकडं बघत असंल," मी म्हटलं. ती हसली नाही.

त्याला दिवस कलल्यावर कळी दिसतच नव्हती. उद्याची कळी कुठली, हे तो बोटांनी ओळखायचा. कधीपासून, ते त्यालाही सांगता येईना. अंधारात दिसत नाही ही काही सांगायची गोष्ट आहे, असं त्याला वाटलंच नव्हतं. त्याला वाटायचं, अंधारात कुणालाच दिसत नसणार. आणि आम्हीही काय दिवे लावले! एका लग्नाच्या पंगतीत त्याने पाहुण्याच्या ताटात पाय दिला तेव्हा लोक म्हणाले, पिऊन आलाय. बसस्टँडवर कुणी केलेला रामराम दिसला नाही तर म्हणाले, प्लॉटवाला झाला, माजलाय. आबा, म्हणजे आमचे वडील, त्याला येता-जाता "डोळे फुटले का रं?" म्हणायचे. हे वाक्य आमच्या घरात मीठ मागावं इतक्या सहज बोललं जायचं. पुढे ते एकदम बंद झालं. ते बंद झालेलं जास्त ऐकू यायचं.

मायनं आधी तिचे उपाय केले. शेवग्याचा पाला, गाजरं, गाईचं लोणी. मग कुणीतरी सांगितलं की रातांधळ्याला बकऱ्याचं काळीज द्या. माय माळकरी. तिने कधी अंड्याचं टरफल घरात येऊ दिलं नव्हतं. तिने अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले, नाकाला पदर लावला आणि स्वतःच्या हाताने काळीज शिजवलं. त्याने ते खाल्लं. फरक पडला का, असं ती रोज विचारायची, आणि तो रोज "थोडा पडला" म्हणायचा.

मग जालन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी थेंब घातले, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाले की डोळ्याच्या मागचा पडदा कडेकडेने वाळत चालला आहे. पडद्यावरच्या, उजेड ओळखणाऱ्या पेशी एकेक करून मरताहेत. आधी अंधारात बघायच्या, मग बाजूच्या, शेवटी मधल्या. औषध नाही. मग त्यांनी मायला विचारलं, लग्न नात्यातलं का?

"व्हय, आत्याच्याच घरात दिलं मला," माय कौतुकानं म्हणाली. "लई चांगलं घर भेटलं."

डॉक्टरांनी मान खाली घालून सांगितलं की ही खोट आईबाप दोघांकडेही लपून असू शकते, त्यांना काही होत नाही, पण दोन्हीकडची एकत्र आली की मुलाला होतं. नात्यात ती एकत्र यायची शक्यता जास्त. मायला निम्मं कळलं, पण कळायचं ते निम्मं बरोबर कळलं. बाहेर आल्यावर ती बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "घरातली पोर घरात गेलेली बरी, आसं समदेच म्हनले की गं." मला त्या वेळी सगळ्यांचा राग आला. डॉक्टरांचा, लग्न ठरवणाऱ्यांचा, मरून गेलेल्या आजीचा. कुठल्या फुलाला कुठलं फूल शिवू द्यायचं नाही यावरून जिथे उभे प्लॉट मोडतात, तिथे आमचं हे. आणि मीही त्याच आईबापांची. माझे डोळे ठणठणीत. असं वाटप कुणी केलं, त्याच्याशी जाऊन भांडावं म्हटलं तर समोर कुणी नव्हतं.

त्याच डॉक्टरांनी हैदराबादचं सांगितलं. तिथे या आजारावर संशोधन चालतं, जाऊन तर या. क्रॉसिंगचा, म्हणजे कळ्या सोलून फूल घासायचा हंगाम संपल्यावर मी आणि भाऊ गेलो. तपासण्या झाल्या, रक्त घेतलं, आणि दंडाच्या कातडीचा मसुरीएवढा तुकडा घेतला. तो कशाला, हे सांगायला प्रयोगशाळेतली एक मुलगी आली. साडेचार फुटांची, मोठा चष्मा, हिंदी आमच्यासारखंच मोडकं. ती म्हणाली, या कातडीच्या पेशींना आम्ही मागे नेतो, अगदी सुरुवातीला, जिथून काहीही बनू शकतं तिथे. मग त्यांना पडद्याच्या पेशी बनवतो. त्या तुमच्याच असतात, तुमचीच खोट घेऊन वाढतात. मग त्यांच्यावर औषधं करून बघतो. तिने दोनदा सांगितलं की हे तुमच्या डोळ्यात घालण्यासाठी नाही, शिकण्यासाठी आहे.

भावाचा चेहरा तिथेच उजळला. बाहेर आल्यावर म्हणाला, "बाई, म्हंजी माझा प्लॉट लावून राह्यले हे!"

मी हसले. मला तो विनोद वाटला होता.

त्यानंतर दर हंगामाला त्याचा त्या मुलीला फोन. मॅडम, प्लॉट कसाय? किती वाढला? पानी कवा देता? ती बिचारी सांगायची की दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं पातळ अन्न बदलावं लागतं, दिवाळीलाही सुट्टी नाही. याला ते फार आवडायचं. "लई मेहनती पोरगी हाय," तो म्हणायचा. "आपल्यावानीच. सनाला बी प्लॉट सुटत न्हाई." एकदा तिने सांगितलं की काही पेशींना बुरशी लागली, त्या फेकून द्याव्या लागल्या. तो दोन दिवस नीट जेवला नाही. मग पुन्हा फोन करून विचारलं, फवारनी केल्ती का न्हाई? ती म्हणाली, भैया, आपल्याकडे थोड्या पेशी बर्फात जपून ठेवलेल्या आहेत, पुन्हा वाढवू. तेव्हा कुठे भाकरी गोड लागली.

मला कळायला लागलं होतं की हा विनोद नाही. मी त्याला समोर बसवून सांगितलं, अरे, त्या पेशी परत द्यायच्या नाहीत. तिने सांगितलंय.

"तुला प्लॉटातलं काय कळतंय, बाई? बी वाढवून कुनी घरात ठेवून घेतं का? लावायसाठीच वाढवतेत."

  

त्याच प्लॉटच्या भरवशावर त्याने बाकी सगळं नाकारलं. काठी नाकारली. अपंगत्वाचा दाखला नाकारला. जालन्यात अंध लोकांना बोलणारा फोन वापरायला शिकवत होते, तिथे गेला नाही. "उगं कशाला? दोन-चार सालात आपला माल तयार होतोय. नवं वाण यायला येळ लागतोच." आणि इकडे डोळे जात होते. आधी तो म्हणायचा, बांगडीतून बघितल्यावानी दिसतंय. मग अंगठीतून. स्वतःच्या लेकीचा चेहरा तो तुकड्या-तुकड्यानं बघायचा, आधी नाक, मग एक डोळा, मग दुसरा, आणि ती मोठी गुणाची पोर हलत नसे. पुढे कशातून दिसतं ते सांगणं त्याने सोडून दिलं.

मग एका वर्षी कंपनीच्या माणसाने प्लॉट मोडायला सांगितला. न सोललेल्या कळ्यांची बोंडं ओळीच्या ओळी निघाली होती. बोटांना कळी कळायची, पण कुठल्या झाडाकडे बोट न्यायचंच राहिलं, ते कसं कळणार? माणूस तरणा होता, त्यालाच अवघड झालं होतं. भाऊच त्याला म्हणाला, "बराबर हाय तुमचं. बी खराब जाऊ द्यायचं न्हाई." ट्रॅक्टर चालू होता तोवर तो बांधावर उभा राहिला. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला की मान तिकडे वळवायचा. संध्याकाळी मला फोन आला. "बाई, आता हैदराबादला जाऊ. इथला गेला. तिथला आनू."

मी त्याला थांबवू शकले नाही. खरं सांगायचं तर, कुठेतरी मलाही वाटत होतं की इतकी वर्षं झाली, निघालं असेल काहीतरी. आशा ही फार बेशरम गोष्ट आहे.

तिथे त्या मुलीने आम्हाला आत नेलं. पडद्यावर, म्हणजे टीव्हीसारख्या पडद्यावर, तिने त्याच्या पेशी दाखवल्या. भाऊ खुर्ची पुढे ओढून नाक टेकेपर्यंत जवळ गेला, डोकं इकडे-तिकडे फिरवलं, मग मागे सरला.

"काय दिसून राह्यलं, बाई?"

"गोल गोल आहेत," मी म्हटलं. "भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. कडेला फिकट झालर आहे."

"चांगले हाईत?"

"छान आहेत."

"त्यांला उजेड कळतो का?"

ती म्हणाली, थोडा थोडा कळतो, भैया. दिवा लावला की जवाब देतात.

भाऊ असा हसला की तसा त्याला हसताना मी त्याच्या लग्नानंतर पाहिलंच नव्हतं. "मंग जल्दी लावा. माझ्याकडं जागा मोकळीच हाय."

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीकडे. शेवटी तिथले मोठे डॉक्टर येऊन त्याच्याजवळ बसले, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सगळं सावकाश सांगितलं. या पेशी लावायच्या नाहीत. अशा पेशी लावायचं कुणीतरी कधीतरी करेल, पण अजून ते फार लांब आहे. आम्ही शोधतोय ते औषध. ते जमलं तर जिवंत पेशींना मरू देणार नाही. मेलेल्यांना ते उठवणार नाही. आणि तुमच्या डोळ्यांत आता वाचवायला काही उरलेलं नाही.

"पहले आते तो?" भावाने विचारलं.

"पहले दवा थी ही नहीं," डॉक्टर म्हणाले.

मला तिथे कुणीतरी दोषी हवा होता. कुणी उशीर केला, कुणी फसवलं, कुणी हयगय केली, काहीतरी. मी मनातल्या मनात एकेकाला उभं करून पाहिलं आणि एकही टिकला नाही. सगळे चांगलेच वागले होते. चांगली माणसं असूनही असं होतं, हे मला आजही सहन होत नाही.

मुलीने त्याला हळूच विचारलं की आता तुमच्या पेशी पुढे ठेवायच्या का? नको असतील तर आम्ही थांबवू, तुमचा हक्क आहे.

"प्लॉट मोडायचा का, आसं इचारून राह्यली का ही?" त्याने मला विचारलं. मी हो म्हटलं. तो बराच वेळ दंडावरच्या त्या जुन्या व्रणावर अंगठा फिरवत राहिला. "न्हाई. चांगला आलेला प्लॉट कुनी मोडतं का? कुनाच्या तरी कामी येईल."

परत येताना रात्रीची रेल्वे होती. परतूरला उजाडलं. चहावाला ओरडत गेला तेव्हा तो म्हणाला, "बाई, ती मला पहिल्या दिवसापास्नं तेच सांगत व्हती ना?"

"हो."

"मला वाटलं, आसं म्हनावंच लागत असंल त्यांला. कंपनीवाले बी आधी कायबी कबूल करत न्हाईत. किती उतारा येईल, तोंडानं बोलत न्हाईत कधी. मंग येतोच की माल."

त्यानंतर त्याने हैदराबादला फोन करणं बंद केलं. त्या मुलीचाच मला अधूनमधून यायचा, भैया कसे आहेत म्हणून. मी बरे आहेत म्हणायचे. खोटं नव्हतं. जेवत होते, झोपत होते. आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, आणि पुढे तेही नक्की नव्हतं. भावजय शेतात जायची, तो ओट्यावर बसायचा. काठी माझ्या दारामागे छत्री सांभाळत होती. काठीवरून मी त्याच्याशी शेवटचं भांडले तेव्हा तो म्हणाला होता, "आता तरी कशाला? जायाचं कुठं?"

यंदा थंडीत तिचा फोन आला. आवाजच वेगळा. "दीदी, भैया के सेल्स बच गए!" औषध दिलेल्या पेशी जगल्या होत्या, न दिलेल्या मेल्या. अजून पुष्कळ काम आहे, माणसांवर यायला वर्षं लागतील, पण बच गए. ती रडत होती आणि हसत होती. मी तिचं अभिनंदन केलं, अगदी मनापासून केलं. मग फोन ठेवला आणि सकाळी घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

त्याला सांगायचं की नाही? नवरा म्हणाला, नको सांगूस, झाकली मूठ. पण त्याच्याशी मी आयुष्यात खोटं बोललेले नाही, आणि माल त्याचा होता. रविवारी जीपने गावी गेले. तो ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता, एका बाजूला दाणे, एका बाजूला टरफलं. बोटं अजून तशीच चपळ. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं.

तो ऐकत राहिला. हात थांबले नाहीत.

"म्हंजी औषध दिलेले जगले."

"हो."

"अन् ते माझेच."

"तुझेच."

"मंग येळेवर भेटलं असतं त इथले बी जगले अस्ते." त्याने डोळ्याकडे बोट नेलं नाही, काही नाही. शेंगेचा चटकन आवाज झाला. "आजवर मला वाटायचं, आपलंच वाण खराब. ते जगूच शकत न्हवतं. मेलं त मेलं. आता तू म्हनतीस, जगत व्हतं."

आतापर्यंत त्याच्याजवळ तेवढं एक समाधान होतं, की हे व्हायचंच होतं. तेही मी जीपचे हेलकावे खात येऊन काढून घेतलं. संशोधन यशस्वी झालं, आणि त्याच्यासाठी याहून वाईट बातमी दुसरी नव्हती.

थोड्या वेळाने पाहिलं तर तो टरफलं दाण्यांत टाकत होता. त्याचे हात चुकताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. मी टोपली हळूच माझ्याकडे ओढली आणि निवडायला लागले.

"बाई," तो म्हणाला, "ती काठी हाय का आजून तुझ्याकडं?"

"आहे."

"पुढच्या बारीला येताना घिऊन ये."

इतकी वर्षं मी त्याच काठीसाठी त्याच्याशी भांडले होते. समजावलं होतं, रुसले होते, एकदा तर तीन महिने बोलले नव्हते. आता तो घेऊन ये म्हणाला आणि मला वाटलं, नको रे, नाही म्हण. एकदा शेवटचं माझ्याशी भांड. पण तो भांडला नाही. मी बरं म्हटलं, दाणे निवडून दिले आणि जीप पकडली.

घरी आल्यावर काठीवरची छत्री काढून खुंटीला लावली.